निर्झरदर्शनाचा बेत

आमचें कऱ्हाड कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेलें आहे. उत्तरेकडून कृष्णा येते, दक्षिणेकडून कोयना येते, आणि दोघी समोरासमोर भेटून पूर्वेकडे वळतात. लोक या स्थळास प्रीतिसंगम म्हणतात. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळीं घाटावर जावें, कोणती पायरी उघडी आहे व कोणती बुडाली तें पाहावें, आणि घरीं येऊन वर्तमानपत्र उघडावें, असा माझा नेम आहे. पावसाळ्यांत आमच्याकडील वर्तमानपत्रांत एक लहानसा मजकूर रोज येतो. गेल्या चोवीस तासांत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथें किती मिलिमीटर पाऊस पडला, व कोयना धरणांत किती पाणी सांठलें, एवढेंच त्यांत असतें. घरांतील इतर मंडळी पहिल्या पानावरील राजकारण वाचतात. मी हे तीन आंकडे वाचतों. घाटावरील पायरी कां बुडाली याचें उत्तर पुष्कळदां त्यांत सांपडतें.

या तीन नांवांपैकीं महाबळेश्वर सर्वांस ठाऊक आहे. कोयनानगर धरणामुळें आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झालेल्या भूकंपामुळें प्रसिद्ध आहे. नवजा मात्र तसें अपरिचितच. कोयनानगरापासून कांहीं मैलांवर, सह्याद्रीच्या अगदीं कण्यालगत वसलेलें हें खेडें. वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणें ही तेथील नेहमींची गोष्ट. कित्येक वर्षीं तें महाबळेश्वरासहि मागें टाकतें. जवळचा ओझर्डे धबधबा पाहावयास पावसाळ्यांत लांबलांबून लोक येतात. परंतु त्या बाजूच्या डोंगरांत, वाटसरूंच्या दृष्टीआड, असे कितीतरी धबधबे आहेत कीं ज्यांस नांव नाहीं. आषाढांत ते गर्जना करतात, भाद्रपदांत गातात, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या जागीं कड्यावर एक काळीं ओली रेघ तेवढी उरते. अशाच एका धबधब्याच्या दर्शनाचा बेत आमच्या घरांत २०२४ च्या पावसाळ्यांत शिजला. बेताच्या मानानें दर्शन थोडकेंच झालें. पण बेत करतांना जें शिकावयास मिळालें तें वाचकांस सांगावेंसें वाटतें.

पुण्यास शिकत असलेला माझा थोरला नातू जुलैच्या पहिल्या आठवड्यांत सुटीवर आला, आणि जेवतांना त्यानें सहज सांगून टाकलें, “आजोबा, पंधरा-वीस दिवसांनीं आम्ही चौघे मित्र नवज्याच्या जंगलांत जाणार आहों. तेथें एक धबधबा आहे, कोणाला ठाऊकसुद्धां नाहीं.”

पानांवर क्षणभर शांतता पसरली. आठच दिवसांपूर्वीं, ३० जूनला, लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूस एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेल्याची वार्ता घरांत सर्वांनीं ऐकली होती. आमच्या वहिनी वाढीत होत्या, त्यांचा हात थांबला. “भावजी, तुम्हीच सांगा त्याला,” एवढेंच त्या म्हणाल्या. नातवाच्या आईनें कांहीं न बोलतां मान खालीं घातली. मुलगा एकोणीस वर्षांचा. नाहीं म्हटल्यानें ऐकेल कीं न सांगतां जाईल, हा प्रश्न तिच्या मनांत होता, आणि माझ्याहि होता.

मी म्हणालों, “जाऊं नको असें मी म्हणत नाहीं. पण मला बरोबर न्यावें लागेल, आणि दिवस मी ठरवीन.” तो हंसला. सहासष्ट वर्षांचा म्हातारा नवज्याच्या जंगलांत चढणार, याचें त्याला हंसूं आलें असावें. तरी त्यानें कबूल केलें.

त्या रात्रीं मीं त्याला माझ्या खोलींत बोलावलें, आणि आजवर घरांत कोणासहि न सांगितलेली एक हकीकत सांगितली.

१९८६ सालीं मी घाटमाथ्यानजीकच्या एका खेड्यांत शिक्षक होतों. श्रावणांत एके दिवशीं एकोणीस मुलांस घेऊन मी डोंगरांतील एक धबधबा दाखवावयास गेलों. वाटेंत ओढा होता. जातांना पाणी घोट्याएवढें होतें. परततांना तें पोटरीस लागूं लागलें होतें. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन पडलें होतें. अलीकडच्या कांठावर एक धनगरीण शेरडें राखीत उभी होती. ती म्हणाली, “गुरुजी, वरनं पाणी येतंय. घटकाभर थांबा.” मीं आकाशाकडे पाहिलें, हातांतील घड्याळाकडे पाहिलें, शेवटची एस्. टी. चुकेल असें माझ्या मनांत आलें. आणि खरें सांगावयाचें तर एका अडाणी बाईनें विद्यार्थ्यांदेखत मला थांबवावें हेंहि रुचलें नाहीं. मुलांस हातांत हात धरावयास लावून मीं ओढ्यांत उतरविलें. अकरा मुलें पार झालीं. बारावा सुटला.

तो सातवींतला मुलगा होता. वीस-पंचवीस हात वाहत जाऊन तो कांठच्या एका झुडपाच्या मुळांत अडकला. त्या धनगरिणीचा नवरा कोठून धांवत आला कोण जाणे; त्यानें अंगावरचें घोंगडें टाकून मुलाला ओढून काढलें. मुलाचा हात मोडला होता, पण प्राण वांचला. रात्रीं मी त्याच्या घरीं गेलों, तेव्हां त्याची आई माझ्या पायां पडून म्हणाली, “गुरुजी, तुम्ही होता म्हणून पोर घरी आलं.”

मीं तिला खरें सांगितलें नाहीं. मी होतों म्हणूनच तें पोर पाण्यांत गेलें, हें म्हणावयास माझी जीभ वळली नाहीं. पुढें बदली झाली. ती माउली आतां हयात नाहीं. अडतीस वर्षें तिचे आभार मी बाळगून आहें, आणि ते माझे नव्हेत.

नातू बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें विचारलें, “मग दिवस कोणता ठरवायचा, आजोबा?” त्या प्रश्नापासून आमच्या बेतास खरा आरंभ झाला.

प्रथम मीं पंचांग काढलें. आमचे शेतकरी पावसाची गणना नक्षत्रांनीं करतात. जूनच्या आठ तारखेच्या सुमारास मृग लागतें, मग आर्द्रा, जुलैच्या आरंभीं पुनर्वसू, त्याला ‘तरणा पाऊस’ म्हणतात, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत पुष्य, तो ‘म्हातारा पाऊस’. त्यामागून आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त. नातवाचा बेत नेमका म्हाताऱ्या पावसांत येत होता. मी त्याला म्हणालों, “या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवूं नको. तो माझ्यासारखा गुडघे धरून बसणारा नव्हे.” २०२१ सालीं याच दिवसांत, २२ आणि २३ जुलैस, पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें डोंगर खचून घरेंच्या घरें गाडलीं गेलीं, आणि घाटाखालीं चिपळूण पुरांत बुडालें. जेथें घरांत निजलेलीं माणसें सुरक्षित राहिलीं नाहींत तेथें हौसेनें जाणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरी गोष्ट डोंगराच्या रचनेची. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर सांचून हा प्रदेश बनला. कांहीं थर कठीण, कांहीं मऊ. मऊ थर झिजतो, कठीण थर पुढें आलेला राहतो, आणि पाणी त्याच्या कडेवरून खालीं उडी घेतें. म्हणून आमच्या सह्याद्रींत धबधब्यांची एवढी दाटी. पण माथ्यावरचे सडे उघड्या खडकाचे असतात. खडक पाणी पीत नाहीं. माथ्यावर पडलेली सर फार वेळ न दवडतां ओढ्यांत उतरते, आणि खालीं ऊन असतांनाहि लोंढा येतो. १९८६ सालीं मीं आकाशाकडे पाहिलें तें माझ्या डोक्यावरच्या आकाशाकडे. पाहावयास हवें होतें तें माथ्यावरच्या आकाशाकडे.

या ठिकाणीं एक शब्दाची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास वाचक तेवढी मोकळीक देतील. आपण धबधब्यास ‘प्रपात’ म्हणतों. परंतु अमरकोशांत प्रपात हा शब्द तुटलेल्या कड्याच्या पर्यायांत आला आहे. पाण्याच्या प्रवाहासाठीं तेथें निर्झर आणि झर हे शब्द दिले आहेत. म्हणजे जेथून पडावें तोहि प्रपात, आणि जें पडतें तेंहि प्रपात. शोभा आणि भय एकाच शब्दांत राहतात. नातवाला मीं हें सांगितलें, तेव्हां त्यानें तें आपल्या वहींत उतरून घेतलें.

त्याच्या वहींत मग पुढील कलमें पडलीं. माणसें सहा, त्याहून अधिक नाहींत. गांवचा वाटाड्या बरोबर हवा. त्याचा शब्द अखेरचा. कोयनेचें अरण्य १९८५ पासून अभयारण्य आहे, २०१० पासून तें सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत आलें, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जीं ३९ स्थळें जागतिक वारशांत घेतलीं गेलीं त्यांत त्याची गणना झाली. तेव्हां वनखात्याची परवानगी घेतल्यावांचून पाऊल टाकावयाचें नाहीं. परतीची वेळ आधीं ठरवावयाची: दुपारीं एक वाजतां जेथें असूं तेथून मागें फिरावयाचें, धबधबा दिसो वा न दिसो. धबधब्याच्या डोहांत उतरावयाचें नाहीं. सामानांत काठ्या, दोर, शिट्टी, मेणकापडांत गुंडाळलेले कोरडे कपडे, जळवांसाठीं मीठ, आणि खावयास दशम्या, चटणी व गूळशेंगदाणे. जें नेऊं त्याचा कागदसुद्धां परत आणावयाचा. शेवटचें कलम पाण्याविषयीं होतें. पाणी गढूळ होऊं लागलें, त्यांत पाला-काटक्या वाहूं लागल्या, किंवा ओढ्याचा आवाज बदलला, तर मनाशीं विचार करीत बसावयाचें नाहीं. त्या क्षणीं कांठ चढून वर यावयाचें.

बरोबर कोण येणार हें ठरवितांना घरांत बराच खल झाला. नातू, त्याचे दोन मित्र, माझा मुलगा आणि मी असे पांच झालों. सहावी जागा नातवाच्या धाकट्या बहिणीनें मागितली. ती चौदा वर्षांची. “मुलीच्या जातीला जंगल कशाला?” असें कोणी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती, पण वहिनीच म्हणाल्या, “जाऊं दे तिला. मला कोणी नेलें नाहीं, म्हणून मीं आजवर पडणारें पाणी चित्रांतच पाहिलें.” मग कोणाला बोलावयास जागा उरली नाहीं.

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशींचा रविवार ठरला. सूर्य मघा नक्षत्रांत होता. वहिनींनीं रात्रींच दशम्या करून ठेवल्या. पहांटे नातवानें आपल्या मोबाईलवर हवामानखात्याचा इशारा पाहिला. घाटमाथ्यास नारिंगी रंग होता. मी वर्तमानपत्राची वाट पाहत ओटीवर बसलों. तें आलें, नवज्याचा आंकडा तीन अंकी होता. मीं तो मोठ्यानें वाचला आणि घडी घालून पत्र बाजूस ठेवलें. नात रडूं लागली. मित्रांपैकीं एकजण पुण्याहून रात्रभर प्रवास करून आला होता. त्याचा चेहरा पाहवेना. नातू मात्र कांहीं बोलला नाहीं. त्या दशम्या आम्हीं माजघरांत बसून खाल्ल्या. बाहेर पाऊस असा कांहीं कोसळत होता कीं अंगणांतील तुळशीवृंदावनहि दिसेना. जेवण होतां होतां नातच म्हणाली, “आजोबा, आतां तिथें कसं असेल?” त्या प्रश्नानें सर्वांचा राग मावळला.

गणपति उठले, उत्तरा नक्षत्र लागलें. पुढला रविवार पितृपक्षांत येत होता. “पितृपक्षांत सहल कसली?” म्हणून घरांतून आक्षेप निघाला. वडिलांचें श्राद्ध नवमीस; मधला दिवस मोकळा होता. मी म्हणालों, “नदीचें मूळ पाहावयास जाणें ही सहल नव्हे, यात्रा आहे.” युक्तिवाद लंगडा होता, पण चालून गेला. आदल्या तीन दिवसांचे आंकडे लहान होते. सकाळीं सहा वाजतां आम्ही मोटारीनें निघालों. पाटण मागें पडलें, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊं लागले, हेळवाकाहून आम्ही कोयनानगरास वळलों आणि नऊच्या आंत नवज्यास पोंचलों. वाटाड्या वाट पाहत होता. वय पन्नाशीचें, डोक्यावर टोपी, हातांत कोयता. परवानगीचा कागद त्यानें नीट वाचून खिशांत घातला.

गांवाबाहेर पडतांच झाडी मिटून येते. जांभूळ, अंजनी, हिरडा, आणि त्यांच्याखालीं कारवीचें दाट रान. ऊन पानांवरून गळून जमिनीपर्यंत येतां येतां हिरवें होतें. उघड्या जागीं सोनकीचीं पिंवळीं फुलें आणि तेरडा फुलला होता. कोठेंतरी दरींत शीळकरी कस्तूर गात होता. एखादा मुलगा उनाडपणें शीळ घालीत चालला आहे असेंच वाटावें. वाटाड्यानें एके ठिकाणीं चिखलांतील मोठे खूर दाखविले. “गवा,” तो म्हणाला, “रात्री गेलाय.” त्यानंतर मुलांचें बोलणें आपोआप हलकें झालें. जळवांनीं आपलें काम केलें. मिठानें आपलें केलें. माझे गुडघे कुरकुरत होते, परंतु मीं तें कोणास कळूं दिलें नाहीं.

साडेअकराच्या सुमारास ओढा आला. पाणी स्वच्छ, घोट्याच्या थोडें वर. तरी माझे पाय कांठावर थबकले. नातवानें तें पाहिलें. तो कांहीं न बोलतां माझ्या शेजारीं आला, आणि माझा हात धरून त्यानें मला पलीकडे नेलें. अडतीस वर्षांनीं मी असा ओढा उतरत होतों, हें आम्हां दोघांसच ठाऊक होतें.

ओढ्यापासून धबधब्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण. आधीं आवाज ऐकूं आला, मग गार वारा लागला, मग एका वळणावर झाडी सरली आणि समोर काळ्या कड्यावरून तो उतरतांना दिसला. फार मोठा नव्हे. तीन पायऱ्यांनीं तो खालीं येत होता. पहिल्या पायरीवर एकसंध, दुसरीवर विसकटलेला, तिसरीवर निव्वळ तुषार. सूर्य डोक्यावर येत होता, आणि त्या तुषारांत इंद्रधनुष्याचा एक तुकडा हेलकावत होता. नात दोन्ही हात छातीशीं धरून उभी राहिली. माझ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. मला वहिनींची आठवण झाली. कोणीहि कांहीं बोललें नाहीं. अशी सुमारें दहा मिनिटें गेलीं असतील.

नातवाचे मित्र डोहाच्या कडेवरील खडकावर बसून पाय पाण्यांत सोडणार, इतक्यांत नातू ओरडला, “मागें या! पाण्यांत पाला येतोय!”

मीं पाहिलें. डोहांतील पाणी, जें आतांच आरशासारखें होतें, त्याच्यावर सुकलीं पानें तरंगत होतीं, आणि तें फिकट चहासारखें दिसूं लागलें होतें. आमच्यावर ऊनच होतें. वाटाड्यानें वर माथ्याकडे हात केला. तेथें एक करडा ढग टेकला होता. “वरल्या अंगाला पाऊस लागलाय, गुरुजी. आता थांबू नगा.” घड्याळांत साडेबारा वाजले होते. ठरलेल्या वेळेस अद्याप अर्धा तास होता, पण त्या अर्ध्या तासाचा हिशेब कोणी मांडला नाहीं. दशम्या न सोडतां आम्ही उतरलों. ओढा लागला तेव्हां पाणी पोटरीस आलें होतें. दोर बांधून, काठ्या टेकीत, एकामागून एक सर्वजण पार झालों. पलीकडे उंचवट्यावर बसून दशम्या सोडल्या. त्या संपतात न संपतात तों खालीं ओढ्याचा आवाज बदलला, आणि पाहतां पाहतां जेथें आम्हीं पाय ठेवले होते ते धोंडे नाहींसे झाले. तांबूस पाणी कांठ घासीत चाललें होतें. पुण्याहून आलेल्या त्या मित्राच्या हातांतला घांस हातांतच राहिला. “ऑगस्टमध्यें हें किती असेल?” असें त्यानें विचारलें. वाटाड्यानें उत्तरादाखल आमच्या मागच्या एका झाडाच्या बुंध्यावरील पाण्याची खूण दाखविली. ती माझ्या छातीएवढी उंच होती.

घरीं आलों तेव्हां दिवेलागण झाली होती. वहिनी ओटीवरच उभ्या होत्या. त्यांनीं माणसें मोजलीं, आणि मग आंत गेल्या. रात्रीं नातीनें त्यांना धबधब्याचें वर्णन सांगितलें. दहा मिनिटांच्या दर्शनाचें वर्णन करावयास तिला तासाहून अधिक वेळ लागला. वहिनींना चढण झेपण्यासारखी नाहीं. पण मोटारीच्या रस्त्यावरून दिसणारें पडतें पाणी त्या बाजूस पुष्कळ आहे. पुढल्या उत्तरा नक्षत्रांत त्यांना तेथवर न्यावयाचें, असें नातवानें वहींत लिहून ठेवलें आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातू माझ्याबरोबर घाटावर आला. नवज्याकडील पाऊस शेवटीं कोयनेच्या खोऱ्यांत उतरतो, हें मीं त्याला सांगितलें होतें. कोयनेच्या बाजूचें पाणी पाहून त्यानें विचारलें, “हें कालचंच पाणी का, आजोबा?”

मीं सांगितलें कीं इतकें सरळ तें नाहीं. वाटेंत १०३ मीटर उंचीची भिंत आहे, आणि तिच्यामागें १०५ टीएमसीहून कांहींशी अधिक सांठवण. त्या शिवसागरांतील पुष्कळसें पाणी बोगद्यांनीं पश्चिमेकडे उतरून वीज निर्माण करतें आणि वाशिष्ठींतून अरबी समुद्रास मिळतें. उरलेलें कोयनेच्या पात्रानें येथें येतें, कृष्णेस भेटतें आणि पूर्वसमुद्राकडे जातें. कोणता थेंब कोठें जाईल हें त्या थेंबालाहि ठाऊक नसतें.

तो पायरीवर बसला. थोड्या वेळानें म्हणाला, “त्या धनगराच्या गांवीं एकदां जाऊन येऊं या का?”

मीं घाटाच्या पायऱ्या मोजल्या. आदल्या दिवसापेक्षां एक अधिक बुडाली होती. “दिवाळीनंतर जाऊं,” मी म्हणालों, “ओढा कोरडा पडला म्हणजे.”